गोठा वाचवा

पोर्ट कॅल्डर, ओहायो

१४ ऑगस्ट १९९५

डॉक्टर फेल्टने रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितलंय. नुसते आकडे बघून त्याला काय कळणार? दाब कशामुळे चढतो ते लिहिलं तर काही उपयोग. म्हणून लिहितेय.

आज चढला तो विल्बर ट्रास्कमुळे. गाड्या धुण्याची दुकानं काढून गब्बर झालेला हा माणूस आमच्या स्टोकर्स या आइस हॉकीच्या टीमचा मालक आहे. टीव्हीवर येऊन म्हणाला की मेमोरियल एरिना फार जुनी झाली, तिच्यात हॉकी खेळवणं परवडत नाही, तेव्हा काउंटीने नवी बांधून द्यावी. त्यासाठी दुकानातल्या प्रत्येक खरेदीवर थोडा कर वाढवायचा, आणि वाढवायचा की नाही यावर नोव्हेंबरात मतदान घ्यायचं. म्हणजे पैसा आमचा आणि मिरवणार हा.

मेमोरियलला गावात कुणी मेमोरियल म्हणत नाही, गोठा म्हणतात. छप्पर तसंच आहे आणि वासही जवळपास तसाच आहे. युद्धावरून परत न आलेल्या पोरांच्या नावाने ती बांधली. दारातल्या भिंतीवर त्यांची नावं कोरलीत, त्यात माझ्या नवऱ्याचा, वॉल्टचा, थोरला भाऊ आहे. पहिल्याच वर्षी वॉल्टच्या वडिलांनी हंगामभराच्या दोन राखीव खुर्च्या घेतल्या, त्या वॉल्टला आल्या आणि वॉल्ट गेल्यावर मला. आमच्या गावात घटस्फोट झाला तर घर मुकाट बायकोला देतात आणि गोठ्यातल्या खुर्च्यांसाठी वकील लावतात.

आणि लिओचं काय? लिओ माझा धाकटा भाऊ. आई-वडिलांच्या घरात खाली मी राहते, वर तो. लग्न केलं नाही. गोठ्यातला ऑर्गन इतकी वर्षं तोच वाजवतो. शिट्टी होऊन खेळ थांबला की लिओचे हात सुरू. हल्लीच्या नव्या एरिनांमध्ये ऑर्गन नसतो, टेप लावतात. हे कळल्याबरोबर मी वर गेले आणि त्याला सांगितलं की घाबरू नकोस, मी आहे. तो अंडी तळत होता. म्हणाला, मी कुठे घाबरलोय? लहानपणापासून असाच आहे, मनातलं सांगायची सवयच नाही त्याला.

२३ ऑगस्ट

काल चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सभा घेतली. 'गोठा वाचवा' समिती स्थापन झाली आणि अध्यक्ष मी झाले. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, पण झाले असते तरी मी होऊ दिलं नसतं.

काउंटीच्या कारभारी मंडळातली थिओडोरा पाल्को आली होती. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या वहीत बघायची. आता कोट घालून लोकांना अक्कल शिकवते. म्हणे, ट्रास्क मलाही आवडत नाही, पण नाक दाबून 'हो' म्हणा. हा माणूस गाव सोडायला टेकलाय, त्याच्या हातात निमित्त देऊ नका. मी उभी राहून विचारलं, स्टोकर्स जाणार कुठे? नदी कधी गाव सोडून जाते का? सगळे हसले. थिओडोरा हसली नाही. उंटावरच्या शहाण्यांना हसू येत नाही.

६ सप्टेंबर

आज दारात ड्रू हॅलोरन उभा. स्टोकर्सचा उपाध्यक्ष, ट्रास्कचा उजवा हात. मी भांडायच्याच तयारीत होते. पण त्याने पायरीवर बूट काढले, आत आला आणि आलुबुखाराचा केक दोनदा मागून घेतला. आईची पाककृती का, असं विचारलं. माझ्या सुनेने लग्नाला बारा वर्षं होऊनही हे कधी विचारलेलं नाही.

मग हळू आवाजात म्हणाला की मी इथे आलो आणि त्या इमारतीच्या प्रेमातच पडलो. भिंतीवरची नावं रोज एकदा तरी वाचतो म्हणे. "मी नोकर माणूस, मिसेस क्रुपा, मला उघड बोलता येत नाही," तो म्हणाला. "पण तुमच्यासारख्यांनी आवाज उठवलाच पाहिजे. लोकांनी 'नाही' म्हटलं तर कुणाचं काही चालत नाही."

बघा, ट्रास्कच्या घरातच फूट आहे. जाताना विचारलं की अंगणात लावायच्या पाट्या आहेत का तुमच्याकडे. म्हटलं, आमच्याकडे फक्त तोंड आहे. तो म्हणाला, माझा एक मित्र आहे, त्याला परंपरेची फार कदर आहे, तो छापून देईल. मी स्पष्ट सांगितलं की आम्ही विकले जाणारे नाही. तो म्हणाला, ते तर दिसतंच आहे. मग मी हो म्हटलं.

१९ सप्टेंबर

पाट्या आल्या. काय सुरेख आहेत! निळ्या, चकचकीत, पावसात न भिजणाऱ्या. 'गोठा वाचवा. करवाढीला नाही म्हणा.' गावभर लावल्या, पहिली माझ्या अंगणात.

आज सकाळी पडदा सरकवला तर माझ्या पाटीशेजारी दुसरी पाटी. प्लायवुडचा तुकडा, त्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून उरलेल्या हिरव्या रंगाने लिहिलेलं, 'हो म्हणा.' एका घराच्या एका अंगणात दोन पाट्या. पोस्टमन थांबून हसत होता. मी तशीच गाऊनवर वर गेले.

"ही काय थट्टा चालवलीयस, लिओ?"

"थट्टा कसली? माझं मत आहे."

"मी कुणासाठी मरमर करतेय मग? तिथे ऑर्गन नसणार, माहीत आहे ना?"

"नसू दे," तो म्हणाला. "टीम असेल ना."

मी म्हटलं, आणि ती पाटी तरी कसली लावलीस भिकाऱ्यासारखी? तुझ्या मालकाने तुला एक धड पाटी दिली नाही? तो म्हणाला, ऑफिसात दोनदा मागितली, 'हो'च्या पाट्या छापल्याच नाहीत म्हणाले. यावरून ट्रास्क किती कवडीचुंबक आहे ते कळतं, असं मी म्हटलं. लिओ खिडकीपाशी गेला आणि माझ्या निळ्या पाटीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, तुझी मात्र भारी आहे गं, कुणी दिली? मी सांगितलं की एका हितचिंतकाने. 

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

८ ऑक्टोबर

काल हंगामातली पहिली मॅच. असा दिवस पुन्हा पाहायला मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसऱ्या भागात छपरातून पाणी ठिबकायला लागलं. खाली पडून त्याचा बर्फावर उंचवटा झाला. आमच्या टीममधला फिनलंडचा लाजरा पोरगा त्याला अडखळून गुडघ्यावर पडला, त्याला उचलून न्यावं लागलं. मग खेळ थांबला आणि माणसं शिडी घेऊन आली. तेवढा सगळा वेळ लिओ वाजवत होता. आधी मार्चची धून, मग पोल्का नाचाची, मग पुन्हा मार्चची. वरच्या रांगांत म्हातारे-म्हाताऱ्या नाचायला लागले, बियर सांडली, अनोळखी माणसं गळ्यात गळे घालून गात होती. नव्या एरिनेत असलं काही होईल का? मी लिओच्या बाजूला बघून हात हलवला, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्या पोराला नेलं त्या दाराकडे तो बघत होता.

घरी आल्यावर त्याने हात गरम पाण्यात बुडवून ठेवले. म्हणाला की छप्पर मार्च महिन्यापासून गळतंय. उन्हाळ्यात दुरुस्तीवाले आले होते, त्यांना परत पाठवलं. कोणी, म्हणून विचारलं तर म्हणाला, हॅलोरनने. बिचारा हॅलोरन! ट्रास्कने हुकूम सोडला असेल, हा काय करणार? नोकरी म्हटली की मन मारावं लागतं.

२१ ऑक्टोबर

काल शुक्रवार, चर्चमध्ये तळलेल्या माशांची पंगत. तिथेच टीव्हीवाल्यांनी माझी मुलाखत घेतली. हॅलोरनने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं की लांबड लावू नका, एकच वाक्य बोला, पण ते लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे. मी माझं वाक्य म्हणून दाखवलं, त्याने दोन शब्द इकडचे तिकडे केले. रात्री बातम्यांत तेच लागलं: "आम्हाला नवं काही नको. आमचा गोठा आम्हाला पुरे."

केसांना जरा गोलाई दिली असती तर बरं झालं असतं. रक्तदाब उत्तम.

८ नोव्हेंबर

जिंकलो!

अगदी थोड्या मतांनी, पण जिंकलो. हॉलमध्ये मी टेबलावर चढले, या वयात. फादर चेस्टरनी धरून उतरवलं. हॅलोरनचा फोन चर्चच्या ऑफिसात आला, निकाल पुरता लागायच्याही आधी. इतका आनंदला होता की जणू तोच निवडून आलाय. म्हणाला, मिसेस क्रुपा, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत नाही. एवढं कौतुक वॉल्टनेही कधी केलं नव्हतं.

लिओला सांगायला वर गेले. त्याने दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. म्हणाला, अभिनंदन, बर्निस. आज सकाळी बघितलं तर त्याची पाटी काढलेली होती. माझी अजून आहे, राहू देणार.

२१ नोव्हेंबर

बेकरीत होते. राई ब्रेडसाठी रांगेत माझ्यापुढे तिघीजणी. काउंटरच्या वरचा टीव्ही चालू होता आणि त्यात ट्रास्क आला. मागे समुद्र आणि ताडाची झाडं.

म्हणाला की स्टोकर्स या हंगामानंतर फ्लोरिडात जाणार. ऑगस्टीन बे नावाचं कुठलं तरी गाव, जिथे लोकांना बर्फ फक्त पेल्यात दिसतो. तिथे नवी एरिना बांधून तयार होत आलीय. तयार होत आलीय! ती काय दोन आठवड्यांत उगवली?

मग तो गंभीर झाला. म्हणाला, "आम्ही राहायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण पोर्ट कॅल्डरच्या जनतेने कौल दिला आणि आम्ही त्याचा मान राखतो. मिसेस बर्निस क्रुपा यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्यांना नवं काही नको, त्यांचा गोठा त्यांना पुरे."

पुढच्या तिघी मागे वळल्या. भट्टीवरचा माणूसही बाहेर आला.  माझा नंबर आला तेव्हा बेकरीवाली म्हणाली, राई ब्रेड संपला. मागच्या फळीवर चार पाव दिसत होते.

२२ नोव्हेंबर

१९८ वर १०४. कारण लिहायची गरज नाही.

२७ नोव्हेंबर

काल रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या बाहेर गाड्या लावतात तिथे थिओडोरा पाल्कोला गाठलं. म्हटलं, तुम्ही कारभारी कशाला बसलायत? खेचा त्याला कोर्टात. तिने गाडीच्या टपावरचा बर्फ झाडत झाडत शांतपणे सांगितलं. अजून आठ वर्षं त्याला हलता येणार नाही असा काउंटीशी करार होता. त्यात एकच पळवाट होती: लोकांनी मतदान करून नवी एरिना नाकारली तर तो मोकळा.

"त्या करारातून बाहेर पडायला एकच दार होतं, बर्निस," ती म्हणाली. "त्याला ते आतून उघडता येत नव्हतं."

मी म्हटलं, मग हे सभेत का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगायला उठले होते, तू नदीचं काहीतरी बोललीस आणि सगळे हसले.

हे खरं असेल तर तिने दुसऱ्यांदा उठायला हवं होतं. मोठ्याने बोलायला हवं होतं. शाळेतही तिचा आवाज कधी मागच्या भिंतीपर्यंत पोचला नाही. यात माझा काय दोष?

५ डिसेंबर

हॅलोरनला भेटायला गेले. तो फोन घेत नव्हता, म्हणून गोठ्यावरच गेले आणि त्याच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. वाटलं होतं की तो तोंड लपवेल. नाही. हसत बाहेर आला, कॉफी विचारली आणि माझा कोट काढून घ्यायला हात पुढे केला.

मी म्हटलं, तू मला फसवलंस.

"मी तुमच्याशी एक शब्द खोटं बोललो असेन तर सांगा," तो म्हणाला. "इमारत मला आवडते म्हणालो, आवडते. लोकांनी 'नाही' म्हटलं तर कुणाचं चालत नाही म्हणालो, चाललं नाही. तुम्हाला गोठा वाचवायचा होता, मिसेस क्रुपा. वाचला. आम्ही त्याची वीटही नेत नाही."

"आणि पाट्या छापणारा तो तुझा मित्र कोण?"

त्यावर तो म्हणाला की केक मात्र खरंच अप्रतिम होता.

त्याच्या तोंडावर कॉफी फेकायला हवी होती. मी ती पिऊन आले. बाहेर फार थंडी होती आणि बस चुकली होती. हे कुणाला सांगणार नाही.

२५ डिसेंबर

गेल्या आठवड्यात कुणीतरी घरावर अंडी फेकली. मी उठायच्या आत लिओने शिडी लावून भिंत धुतली. मी खिडकीतून पाहिलं, त्याला कळू दिलं नाही. समितीतल्या बायका रस्त्यात दिसल्या तर पलीकडून जातात. टेबलावर नाचताना माझे हात धरणाऱ्या याच होत्या. आता म्हणे त्यांना पहिल्यापासून शंका होती.

काल सणाच्या संध्याकाळी लिओ खाली जेवायला आला. मुलगा-सून या वर्षी आले नाहीत, रस्ते खराब आहेत म्हणे. चर्चमधून आणलेली पवित्र पापडी आमच्यात जेवणाआधी मोडतात: तू माझ्या हातातली मोडायची, मी तुझ्या, आणि एकमेकांना वर्षभरासाठी काहीतरी चिंतायचं, मागचं सोडून द्यायचं. मी म्हटलं, तुला तब्येत लाभो आणि गोठ्यात तुझी जागा कायम राहो. लिओने माझी पापडी मोडली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "तुला सोबत लाभो, बर्निस."

मनातलं किल्मिष गेलं म्हणायचं. मला सोबत आहेच की, वरच्या मजल्यावर. पण चिंतलं ते प्रेमाने.

१३ फेब्रुवारी १९९६

आता हद्द झाली. ट्रास्क ऑर्गनसुद्धा नेतोय. ऑगस्टीन बेला म्हणे इतिहास हवाय. त्यांच्याकडे ऊन आहे, पैसा आहे, इतिहास नाही, तर आमचा उचलून न्यायचा. वीटही नेत नाही म्हणाला होता तो हॅलोरन! ऑर्गन म्हणजे वीट नव्हे, असं आता म्हणेल.

मी समितीची तातडीची सभा बोलावली. कॉफीचं मोठं भांडं भरून ठेवलं, पोंचकी, म्हणजे आमचे जॅम भरलेले गोड वडे, तळून नेले. फादर चेस्टर आले आणि एक म्हातारा आला. तो दुसऱ्याच सभेला आला होता, पोंचकी खाऊन गेला.

लिओला म्हटलं, ऑर्गनवर तू सही केल्याशिवाय त्यांना हात लावता येणार नाही अशी काहीतरी अट घालता येईल. आपण लढू. तो कपाटातले स्वरलिपीचे कागद लावत होता. म्हणाला, बघू.

४ मार्च

काल रविवारी लिओ जेवायला आला, सूप प्यायला, बशी धुतली आणि पुसायचं फडकं हातात धरून उभा राहिला. म्हणाला, मी जातोय.

मी विचारलं, कुठे, बाजारात? मला खरंच तसं वाटलं.

"ऑर्गनबरोबर. त्यांनी डिसेंबरातच विचारलं होतं. मी हो म्हटलंय."

मग मी जे जे बोलले ते सगळं लिहीत नाही. आईचं नाव घेतलं, वॉल्टचं घेतलं. म्हटलं, ज्या माणसाने गावाला लुटलं त्याच्या गाडीत बसून जातोस? तुझ्या जागेसाठी मी गावाचं वैर पत्करलं, बेकरीत मला पाव मिळत नाही, घरावर अंडी पडली, ती कुणासाठी? तो ऐकून घेत होता. त्याचा आवाज चढत नाही कधी, तोच तर त्याचा दुर्गुण.

"तू एकदा तरी मला विचारलंस?" तो म्हणाला.

"काय विचारायचं होतं?"

"मला काय हवंय ते."

मी म्हटलं, ते मला विचारावं लागत नाही, मी तुला झोळीत असल्यापासून बघतेय. त्याने फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. म्हणाला, तुझं म्हणणं बरोबर आहे, तुला विचारावं लागत नाही. आणि वर गेला.

आता हाच शेवटचा शब्द होता की चिडून बोलला, ते कळत नाही. बरोबर आहे असं तर तो स्वतःच म्हणाला. दोन दिवस जाऊ देते, निवळेल.

१५ एप्रिल

काल शेवटची मॅच. जायचं नव्हतं, पण खुर्च्या माझ्या आहेत. गोठा गच्च भरला होता. एवढी माणसं गेली दहा वर्षं कुठे होती कोण जाणे. आमच्या रांगेचा रखवालदार ऑर्व्हिल माझी खुर्ची नेहमी फडक्याने पुसून द्यायचा. काल त्याने तिकीट बघितलं आणि बोट दाखवलं, जणू मी पहिल्यांदाच आलेय. शेजारच्या नोव्हाक कुटुंबाने मधली जागा मोकळी सोडून तिच्यावर आपले कोट ठेवले.

हरलो. हरलो तरी लोक उठेनात. टीम केव्हाच आत गेली होती आणि सगळे लिओकडे तोंड करून टाळ्या वाजवत होते. त्याला वाजवत राहावं लागलं. बाया-बापे रडत होते. मीही रडले असते, पण मी रडले तर लोक काय म्हणतील ते मला माहीत होतं.

५ मे

लिओ गेला. ऑर्गनचा ट्रक पुढे, हा मागून आपल्या गाडीत. सामान म्हणजे चार खोकी. तवा ठेवून गेला, तिकडे मिळतो म्हणे. मी वाटेत खायला सॉसेज आणि उकडलेली अंडी बांधून दिली. त्याने गालावर ओठ टेकवले आणि घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीची जाळी दर महिन्याला बदल म्हणून बजावलं.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं असं म्हणतात. वर जाऊन बघितलं. सगळं झाडून पुसून गेलाय. एवढी स्वच्छ खोली त्याची मी कधी पाहिली नव्हती.

रक्तदाब बराच उतरलाय. फेल्ट खूश आहे.

१ ऑक्टोबर

काउंटीचा निर्णय झाला. भिंतीवर शहिदांची नावं असल्यामुळे गोठा पाडता येत नाही; उन्हाळ्यात आमच्या समितीच्या नावाने मीच तसा अर्ज रेटला होता, आणि तो मंजूर झाला. पण छपरासाठी पैसे नाहीत आणि आत करायला काही नाही. म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला जे मीठ टाकतात, त्याचा साठा तिथे करणार आहेत. थिओडोराने स्वतः येऊन सांगितलं. बातमीत वाचण्यापेक्षा तिच्याकडून कळावं म्हणे. बसली, केक खाल्ला. शाळेत असताना बरी मुलगी होती तशी.

१७ नोव्हेंबर

आज लिओचा फोन. महिन्यातून एकदा करतो, रविवारी दुपारी.

मी विचारलं, ऑर्गन लोकांना आवडतो का? म्हणाला, आवडतो, प्रवेशदारापाशी ठेवलाय, मोठ्या काचेच्या दालनात. मला कळेना. आतल्या बर्फाशी नाही? नाही म्हणाला, आत टेप लावतात. मॅचच्या आधी तासभर तो बाहेर वाजवतो, अंगात पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आणि डोक्यावर गवताची टोपी. पोरं शेजारी उभी राहून फोटो काढून घेतात.

मी म्हटलं, माकड केलंय त्यांनी तुझं. माझ्या भावाचं माकड केलंय.

"मला चालतं," तो म्हणाला. "मॅच सुरू झाली की मी मोकळा. आत जाऊन खुर्चीत बसतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मॅच बघतो. इतकी वर्षं मी फक्त शिट्टी ऐकत होतो, बर्निस. कुठे काही बघायला मिळायचं?"

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? मी आठवून बघतेय. काहीतरी बोलायला लागायचा आणि थांबायचा, एवढं आठवतं.

मी म्हटलं, परत ये. तुझा मजला तसाच आहे. मी दर आठवड्याला पुसून घेते, भट्टीची जाळी बदलते. तिथे तुझं कोण आहे?

तो म्हणाला, "हे तू सांगतेयस की विचारतेयस?"

माझ्या तोंडात पहिलं उत्तर आलं होतं ते मी गिळलं. म्हटलं, विचारतेय.

"मग नाही," लिओ म्हणाला.

चिडून नाही म्हणाला, अगदी मायेने म्हणाला. मी 'ठीक आहे' म्हटलं. मग त्याने फिनलंडच्या त्या पोराचं सांगितलं. गुडघा बरा झालाय, तो सारखे गोल करतोय. शेवटी विचारलं, गोठ्याचं कसं काय? मी म्हटलं, आहे तसाच आहे, दिमाखात उभा आहे. काल सकाळी मिठाचा पहिला ट्रक आत गेला, ते सांगितलं नाही.